झुलतं ओझं

ब्रोनिया,
तुझी ही दोन किलो चारशे ग्रॅमची कुत्री
काल पुन्हा पडली.

पहाटे चार वाजून सहा मिनिटं.
आधी नखांचा आवाज आला फरशीवर,
कुणी टाइपरायटरवर एकच अक्षर बडवत सुटावं तसा.
मोठा दिवा लावला नाही.
हाकही मारली नाही.

पहिल्या वेळी हे ठाऊक नव्हतं.
मी फिगाला छातीशी आवळून धरलं होतं
आणि खालचा सेवेरिन चमचा घेऊन जिना चढला धापा टाकत,
"जीभ गिळेल ती! दातांत घाल, घाल लवकर!"
त्या चमच्यावर अजून तिच्या दाताची खूण आहे.
माझ्या अंगठ्यावरही.
अंगठ्याची पट्टी बघून डॉक्टर कालिना म्हणाली,
जीभ कुणी गिळत नसतं, आजोबा.
तोंडाजवळ हात नको. धरू नका. घड्याळ बघा.

धरू नका!
हे मला सांगायचं,
ग्दिनियाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं क्रेन चालवणाऱ्याला!
परतताना ट्रॉलीबसमध्ये, ती पिशवीत झोपलेली,
आणि माझ्या डोक्यात उजेड पडला:
वाऱ्यात कंटेनर झुलायला लागला
की खालची नवी पोरं धरायला धावायची
आणि मीच वरून भोंगा वाजवून ओरडायचो,
सोडा! व्हा बाजूला!
झुलत्या ओझ्याला धरायचं नसतं गाढवांनो,
त्याच्या वाटेतलं काढायचं असतं.

तेव्हापासून मी वाटेतलं काढतो.
स्टूल. तुझी शिवणाची पेटी.
पलंगाच्या लोखंडी पायाला फडकं गुंडाळलंय,
जिन्याच्या तोंडाशी फळी.
डोक्याखाली तुझा करडा स्वेटर सरकवायचा
आणि बसायचं, नुसतं,
सेकंदकाट्याच्या तोंडाकडे बघत.

पाच मिनिटांची एक रेघ आहे.
रेघेच्या अलीकडे बसणं,
पलीकडे ओट्यावरच्या डब्यातली औषधाची नळी,
ती मागून द्यायची, आणि लगोलग दवाखाना,
मग मध्यरात्र असो, नाताळ असो.
एकदाच ओलांडली ती रेघ, फेब्रुवारीत.
टॅक्सीवाला पोरगा सिग्नल तोडत गेला,
भाड्याचे पैसे घेईना.
माझी बोटं नळीच्या टोपणाशी झटत होती,
याच बोटांनी मी चाळीस टन अंड्यासारखे ठेवत असे.

रक्त तपासलं. यकृत, साखर, मेंदूचा फोटो.
सगळं ठीक.
सगळं ठीक असून होतं, असंही एक दुखणं असतं म्हणे.

मी क्रेनची जुनी नोंदवही वापरतो,
तिच्यात रकाने छापलेलेच आहेत: वेळ, वजन, वारा.
वेळ लिहितो. वजन लिहितो.
वाऱ्यापाशी पेन थांबतं.
मग लिहून टाकतो, "दक्षिणेकडून",
उगीच,
रिकामा रकाना मला कधी बघवला नाही.

गोळी सकाळी सात, संध्याकाळी सात,
पाव तुकडा, लिव्हर सॉसेजमध्ये लपवून.
चुकवायची नाही.
महिनाभर बरी दिसली म्हणून बंद तर नाहीच नाही.
तू म्हणायचीस, ह्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही.
ये, बघ.

काल दोन मिनिटं दहा सेकंद.
मग उठली, भिंतीवर आपटली, वळली, माझ्यावर गुरगुरली.
ओळख पुसली जाते तिची थोडा वेळ.
मी हात जमिनीवर उताणा ठेवतो, लांब,
आणि गप्प राहतो;
मी कोण, हे तिचं तिनं ठरवावं.

काल ती माझ्याकडे आलीच नाही आधी.
दाराकडे गेली, जिथे तुझा कोट लटकतो,
खालच्या काठाला नाक लावून उभी राहिली,
पाय अजून लटपटत होते.
कोट वाटेतच येतो, ब्रोनिया,
येताजाता माझ्याही खांद्याला लागतो.
काढायला हवा, कळतं मला.

मग तिला भूक लागली, ही एवढी.
वाटी चाटून पुसून पुन्हा माझ्याकडे बघू लागली,
जणू आजवर मीच तिला उपाशी ठेवलंय.